ज्या पुलावरून कधीकाळी बोटी जायच्या, तिथून आज गाड्या जातात : ब्रुकलिन ब्रिजच्या थोरल्या भावाची गोष्ट

पुलाखालून बोट जाते, हे आपल्याला माहीत आहे. पण पुलावरून बोट जाते असं कुणी सांगितलं, तर आपण आधी त्याच्याकडे नीट बघू आणि मग फोटो मागू.

फोटो आहेत. अमेरिकेत न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनिया या दोन राज्यांच्या मधून डेलावेअर नदी वाहते. या नदीवर मिनिसिंक फोर्ड आणि लॅकावॅक्सन या दोन छोट्या वस्त्यांना जोडणारा एक झुलता पूल आहे. आज त्यावरून एका वेळी एकच गाडी जाते. पण हा पूल बांधला तेव्हा त्यावर रस्ता नव्हताच. होता तो पाण्याने भरलेला कालवा. खाली नदी, वर कालवा आणि त्या कालव्यातून कोळशाने लादलेल्या बोटी.

या पुलाचं नाव रोबलिंग्ज डेलावेअर अ‍ॅक्विडक्ट. अ‍ॅक्विडक्ट म्हणजे जलसेतू. आपल्याकडे कालवा ओढ्यावरून किंवा नदीवरून न्यायचा असतो तेव्हा पाटबंधारे खातं जे बांधतं, तेच. फरक इतकाच की हा जलसेतू तारांच्या केबलवर टांगलेला आहे आणि तो बांधणाऱ्या माणसाने पुढे जाऊन न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन ब्रिजचा आराखडा केला. ब्रुकलिन ब्रिज १८८३ साली सुरू झाला. हा त्याच्यापेक्षा ३४ वर्षांनी मोठा. मूळचे मुख्य भाग शाबूत असलेला अमेरिकेतला सगळ्यात जुना तारांचा झुलता पूल म्हणून याची ओळख आहे.

आता पहिला प्रश्न. नदी असताना तिच्यावरून कालवा न्यायची गरजच काय होती?

कोळसा इकडे, गिऱ्हाईक तिकडे

गोष्ट सुरू होते कोळशापासून. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्क शहर झपाट्याने वाढत होतं आणि शहराला जळण कमी पडत होतं. पेनसिल्व्हेनियाच्या ईशान्य भागात, लॅकावाना खोऱ्यात, अँथ्रासाइट नावाचा कडक कोळसा भरपूर होता. हा कोळसा पेटायला वेळ घेतो, पण एकदा पेटला की धूर कमी आणि उष्णता जास्त. अडचण एकच, खाणी आणि शहर यांच्यामध्ये डोंगर होते आणि रस्ते जेमतेम.

फिलाडेल्फियाच्या वर्ट्स आडनावाच्या भावांनी यावर कालव्याचा उपाय काढला. कंपनी उभी राहिली, भांडवल आलं आणि १८२८ साली डेलावेअर अँड हडसन कालवा सुरू झाला. पेनसिल्व्हेनियातलं होन्सडेल हे एक टोक आणि हडसन नदीकाठचं किंग्स्टन शहराजवळचं बंदर हे दुसरं. लांबी १०८ मैल, म्हणजे जवळपास १७४ किलोमीटर. वाटेत बोटी चढवायला-उतरवायला १०८ लॉक. (जपमाळेचा हिशेब कुणी केला नव्हता, हा निव्वळ योगायोग.) होन्सडेलला बोट भरली की खेचरं काठावरून दोर ओढत तिला हडसनपर्यंत न्यायची. खेचरांसोबत चालायला बऱ्याचदा शाळेच्या वयाची पोरं असायची.

या कालव्याने जाता जाता आणखी दोन गोष्टी केल्या. १८२५ साली खोदाई चालू असताना न्यूयॉर्कमधल्या रोझेन्डेल भागात असा चुनखडक सापडला, ज्यापासून पाण्यातही घट्ट होणारं सिमेंट बनत होतं. हे रोझेन्डेल सिमेंट पुढे ब्रुकलिन ब्रिजमध्ये आणि स्टॅच्यू ऑफ लिबर्टीच्या चौथऱ्यातही वापरलं गेलं. दुसरं म्हणजे याच कंपनीने १८२९ साली इंग्लंडहून मागवलेलं ‘स्टोरब्रिज लायन’ हे वाफेचं इंजिन होन्सडेलला रुळांवर चालवून पाहिलं. इंजिन चाललं, पण रुळांना त्याचं वजन झेपण्यासारखं नव्हतं, म्हणून ते बाजूला ठेवून दिलं. कालव्याच्या कंपनीने रेल्वेचं इंजिन आणावं, यातली गंमत पुढे कळेल.

तराफेवाले विरुद्ध कालवेवाले

कालव्याचा मार्ग लॅकावॅक्सनजवळ डेलावेअर नदीला आडवा जात होता. सुरुवातीला कंपनीने स्वस्तातला मार्ग निवडला. नदीत बंधारा घातला, त्यामागे संथ पाण्याचा फुगवटा तयार झाला आणि बोटी दोराच्या आधाराने या काठावरून त्या काठावर ओढून न्यायच्या. म्हणजे कालवा नदीत शिरायचा आणि पलीकडून पुन्हा बाहेर यायचा.

कागदावर छान. पण नदी काही कंपनीच्या मालकीची नव्हती.

डेलावेअरवर कालव्याच्या कितीतरी आधीपासून लाकडाचा धंदा चालत होता. वरच्या जंगलांत झाडं तोडायची, ओंडके एकत्र बांधून भले मोठे तराफे करायचे आणि नदीला पाणी चढलं की ते तराफे खाली फिलाडेल्फियाकडे सोडायचे. अशा तराफ्याला ब्रेक नसतो. वसंतात बर्फ वितळून नदी भरून वाहत असताना तो सुटला की सुटला. आणि बरोबर त्याच दिवसांत कोळशाच्या बोटी नदी आडवी ओलांडत असायच्या.

टकरी झाल्या. तराफे बंधाऱ्यावर आदळले, बोटी तराफ्यांपुढे आल्या, भांडणं झाली, भरपाईचे दावे झाले. तराफेवाल्यांचं म्हणणं होतं की नदी आमची वहिवाटीची वाट आहे, मध्ये बंधारा घालणारे तुम्ही कोण? मला विचाराल तर त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. शिवाय नदीला पूर आला की बोटी थांबणार, पाणी उतरलं तरी थांबणार. लॅकावॅक्सनला बोटींची रांग लागायची. तिकडे रेल्वे कंपन्या मोठ्या होत होत्या, आणि उशीर म्हणजे गिऱ्हाईक हातचं जाणं.

१८४०च्या दशकात कंपनीने कालवा खोल आणि रुंद करायचं काम काढलं, तेव्हा या अडथळ्याचाही निकाल लावायचं ठरलं. कालवा नदीत उतरवायचाच नाही. नदीच्या वरून न्यायचा.

रोबलिंग कोण?

जॉन ऑगस्टस रोबलिंग १८०६ साली जर्मनीतल्या म्युल्हाउझेनमध्ये जन्मला. बर्लिनमध्ये इंजिनिअरिंग शिकला. १८३१ साली अमेरिकेत आला आणि पेनसिल्व्हेनियात सॅक्सनबर्ग नावाचं गाव वसवून त्याने चक्क शेती केली. शेती काही जमली नाही. पण त्या काळी पेनसिल्व्हेनियात एका ठिकाणी कालव्याच्या बोटी डोंगरावरून रुळांवर ओढून नेत असत आणि त्यासाठी अंबाडीसारख्या तागाचे जाडजूड दोर वापरत. ते दोर झिजायचे, तुटायचे. रोबलिंगने त्याऐवजी लोखंडी तारांचा दोर बनवला. तो चालला आणि शेतकऱ्याचा पुन्हा इंजिनिअर झाला.

१८४५ साली त्याने पिट्सबर्गला अ‍ॅलेघेनी नदीवर तारांच्या केबलवर टांगलेला जलसेतू बांधून दाखवला. तो आज उरलेला नाही. पण डेलावेअर अँड हडसन कंपनीला हवी होती ती खात्री त्याने दिली.

त्या वेळचा साधा पर्याय होता दगडी कमानींचा पूल. पण कमानी जवळजवळ घ्याव्या लागतात, म्हणजे नदीत खांब जास्त. खांब जास्त म्हणजे तराफे अडकणार आणि हिवाळ्यानंतर वाहत येणारे बर्फाचे प्रचंड थर खांबांवर साचणार. झुलत्या पुलाला खांब कमी लागतात. रोबलिंगने नदीत फक्त तीन खांब घेतले. गाळे चार, प्रत्येक साधारण ४० ते ४३ मीटरचा. एकूण लांबी ५३५ फूट, म्हणजे १६३ मीटर. खांबांच्या प्रवाहाकडच्या बाजूला बर्फ फोडणारी टोकदार बांधणी केली. तराफेवाल्यांना वाट मोकळी झाली आणि कंपनीला पूल मिळाला. ज्यांनी इतकी वर्षं भांडण केलं, त्यांच्यामुळे हा पूल झुलता झाला असं म्हणायलाही हरकत नाही.

काम १८४७ साली सुरू झालं. डेलावेअरवरच्या पुलाचं कंत्राट ४१,७५० डॉलरचं होतं. त्याला लागूनच लॅकावॅक्सन नदीवर तसाच एक छोटा जलसेतू बांधायचा होता, त्याचे १८,६५० डॉलर वेगळे. १८४९च्या वसंतात दोन्ही वापरात आले. कंपनीने नंतर रोबलिंगकडून याच कालव्यावर नेव्हरसिंक आणि हाय फॉल्स इथे आणखी दोन जलसेतू बांधून घेतले.

या एका पुलामुळे बोटीच्या प्रवासातला अख्खा एक दिवस वाचला.

पाणी टांगायचं कसं?

आता थोडं डोकं लावायची गोष्ट, पण मजेची आहे.

मोठी लाकडी पन्हळ डोळ्यांसमोर आणा. सुमारे सहा मीटर रुंद आणि तिच्यात दोन मीटरच्या आसपास पाणी. पन्हळीच्या दोन्ही अंगांना, थोड्या उंचावर, खेचरांना चालायला लाकडी वाट. ही सगळी पन्हळ दोन बाजूंच्या दोन केबलना लोखंडी दांड्यांनी टांगलेली.

ढोबळ हिशेब करा. सहा मीटर गुणिले दोन मीटर गुणिले १६३ मीटर, म्हणजे जवळपास १,९५० घनमीटर पाणी. एक घनमीटर पाणी एक टन. म्हणजे दोन हजार टनांच्या घरातलं वजन कायम या पुलावर. कालवा चालू असेपर्यंत रात्रंदिवस.

आणि या वजनात बोटीची भर?

शून्य. शाळेत आर्किमिडीजचा सिद्धांत पाठ करून आपण सोडून दिलेला असतो, तो इथे कामाला येतो. तरंगणारी बोट स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते. १३० टनांची बोट पुलावर आली, तर १३० टन पाणी पुलावरून सरकून कालव्यात पुढे-मागे जातं. पुलाला फरकच कळत नाही. एक बोट असो, दोन असोत की एकही नसो, वजन तेच. रस्त्याच्या पुलावर ट्रक आला की पूल वाकतो, गेला की वर येतो. जलसेतूवर असं होत नाही. भार मोठा, पण स्थिर. झुलत्या पुलाला सगळ्यात जास्त भीती हलत्या भाराची आणि वाऱ्याची असते. त्यामुळे रोबलिंगसाठी जलसेतू ही झुलत्या पुलांची चांगली तालीमच ठरली.

केबलही समजून घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावर अडकली आहे. ही केबल म्हणजे पीळ दिलेला दोर नाही. घडीव लोखंडाच्या २,१५० तारा शेजारी शेजारी, समांतर ठेवून त्यांचे सात जुडगे केलेले आहेत आणि सगळे मिळून साडेआठ इंच व्यासाची एक केबल. ती कारखान्यातून तयार आणली नाही. जागेवरच, नदीच्या वर, तारा या काठावरून त्या काठावर नेत नेत ती विणली. मग बाहेरून तारेनेच आवळून गुंडाळली आणि रंग दिला, म्हणजे आत पाणी शिरू नये. पाण्याचा पूल आणि त्याच्या केबलचा शत्रूही पाणीच.

हीच पद्धत पुढे मोठ्या मापावर ब्रुकलिनला वापरली, फक्त तिथे लोखंडाऐवजी पोलादी तारा आल्या. तो पूल बघायला मात्र रोबलिंग राहिला नाही. १८६९ साली जागेची पाहणी करताना त्याच्या पायाला दुखापत झाली, धनुर्वात झाला आणि काही आठवड्यांत तो गेला. पूल पूर्ण केला तो मुलगा वॉशिंग्टन आणि सून एमिली यांनी.

कालवा संपला, पूल राहिला

रेल्वेने शेवटी कालव्याला गाठलंच. गंमत अशी की कालव्याच्या कंपनीनेच रेल्वेमार्ग वाढवत नेले होते. कोळसा रुळांवरून जास्त वेगाने आणि बारा महिने जाऊ लागला. कालवा हिवाळ्यात गोठायचा, रेल्वे गोठत नव्हती. १८९८ साली कालवा बंद झाला आणि पाणी सोडून दिलं. पुढच्याच वर्षी कंपनीने आपल्या नावातून ‘कालवा’ हा शब्दही काढून टाकला.

रिकाम्या जलसेतूचं काय करायचं? बाकीच्या तिघांकडे बघितलं तर उत्तर सरळ आहे. लॅकावॅक्सनवरचा गेला. हाय फॉल्सचा १९१७ साली जळाला, आता दोन्ही काठांवर दगडी बांधकाम तेवढं दिसतं. नेव्हरसिंकचीही तीच गत.

डेलावेअरवरचा वाचला, कारण तो कुणाच्या तरी उपयोगी पडला. आसपास नदी ओलांडायला सोयीची जागा नव्हती. पाणी काढलेली पन्हळ म्हणजे आयता रस्ता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लाकडाच्या एका व्यापाऱ्याने तो घेतला, त्याचा रस्त्याचा पूल केला आणि टोल लावला. न्यूयॉर्कच्या बाजूला टोलघर उभं राहिलं. खेचरांच्या वाटा काढून टाकल्या, पन्हळीच्या लाकडी भिंती गेल्या, बर्फ फोडणारी बांधणी गेली. पुढची कित्येक दशकं हा पूल खासगी टोलचा पूल म्हणूनच चालला. वारसा-बिरसा कुणाच्या डोक्यात नव्हतं. पैसे द्या आणि पलीकडे जा.

वारसाप्रेमींना हे ऐकायला आवडणार नाही, पण टोल नसता तर हा पूल आज नसता.

१३६ वर्षांच्या तारेवर विश्वास ठेवायचा का?

१९६८ साली डेलावेअर अँड हडसन कालव्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. १९७८ साली डेलावेअर नदीचा हा वरचा टप्पा संरक्षित झाला आणि १९८० साली अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसने पूल विकत घेतला. तोवर लाकूडकाम खिळखिळं झालं होतं. आता सरकारपुढे खरा पेच होता.

जुना पूल जतन करायचा असेल तर सोपा मार्ग म्हणजे माणसांना त्यावर येऊ न देणं. कुंपण घाला, पाटी लावा, लांबून फोटो काढू द्या. दुसरा मार्ग म्हणजे आतून नवा पोलादी सांगाडा घालणं आणि जुन्या केबल नुसत्या दिसायला ठेवणं. पण मग तो रोबलिंगचा पूल उरला असता का? तिसरा मार्ग सगळ्यात अवघड, जुन्या केबलनाच पुन्हा भार उचलायला लावणं. चूक झाली तर गाडीसकट माणूस नदीत.

निर्णय तपासणीवर सोडला. १९८३ साली केबल आणि त्यांना लटकणाऱ्या दांड्यांच्या प्रयोगशाळेत चाचण्या झाल्या. १८४७ साली विणलेलं लोखंड, म्हणजे तब्बल १३६ वर्षांचं. इंजिनिअरांचा निष्कर्ष आला की केबल अजून कामाच्या आहेत.

हे कसं शक्य झालं? एक कारण हिशेबाचं. जी केबल दोन हजार टन पाणी उचलायला बनवली होती, तिच्यावर १८९८ नंतर पाणीच नव्हतं. तिच्या मानाने गाडीचं वजन किरकोळ. दुसरं कारण ती गुंडाळलेली तार आणि रंग.

१९८६ साली पुलाची दुरुस्ती झाली आणि १९८७ साली तो पुन्हा गाड्यांसाठी खुला झाला. पण तेव्हाही तो दिसायला जलसेतू नव्हता, केबलवर टांगलेला साधा रस्ता होता. म्हणून १९९५ साली वरचं सगळं लाकडी बांधकाम नव्याने उभारलं. त्यासाठी रोबलिंगचे मूळ आराखडे, टिपणं आणि मापं उपयोगी पडली. पन्हळीच्या भिंती परत आल्या, खेचरांच्या वाटा परत आल्या, खांबांपुढची बर्फ फोडणारी बांधणीही परत आली. पाणी तेवढं परत आणलं नाही. कालवाच उरला नाही तर ते आणणार कुठून?

म्हणजे आज बघताना नजर दोन ठिकाणी ठेवावी लागते. लाकूड दिसतं ते १९९५चं. लोखंड, म्हणजे केबल, त्या बसवलेली खोगिरं, लटकते दांडे, हे जवळजवळ सगळं १८४०च्या दशकातलं. जुना दिसणारा भाग नवा आहे आणि रंग दिल्यामुळे नवा वाटणारा भाग जुना. सोशल मीडियावर या पुलाच्या फोटोखाली ‘हे तर सगळं नवीन बांधलंय’ अशी कमेंट दिसली तर तिला उत्तर म्हणून केबलकडे बोट दाखवायचं.

जायचं असेल तर

न्यूयॉर्क किंवा न्यू जर्सीत राहणारे, किंवा लेकाकडे-लेकीकडे सुट्टीला गेलेले मराठी लोक ब्रुकलिन ब्रिजवर फोटो काढतातच. हा थोरला भाऊ तिथून गाडीने काही तासांवर आहे. पूल ओलांडायला आता टोल नाही. जुनं टोलघर मात्र न्यूयॉर्कच्या काठावर आहे आणि त्यात कालव्याबद्दलचं छोटं प्रदर्शन आहे. पेनसिल्व्हेनियाच्या बाजूला झेन ग्रे या लेखकाचं घर आहे, तेही आता संग्रहालय आहे. हिवाळ्यात या भागात टकले गरुड मुक्कामाला येतात.

पुलावर चालायचं तर खेचरांच्या वाटेने चाला. ती रस्त्यापेक्षा उंचावर आहे. तुमच्या एका बाजूला, हाताच्या अंतरावर, ती साडेआठ इंची केबल खाली उतरते आणि पुन्हा वर चढते. दुसऱ्या बाजूला खाली पन्हळीच्या तळातून गाडी जाते, जिथे पूर्वी बोटीचा तळ असायचा. समोरून दुसरी गाडी आली असेल तर ती पलीकडच्या टोकाला थांबून राहते. दोन मावत नाहीत.